व्हेनिसबाहेरचें व्हेनिस

व्हेनिस म्हटलें कीं कालवे, गोंडोला आणि संत मार्कचा चौक एवढेंच डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या नगराचें मर्म जाणूं इच्छिणाऱ्या प्रवाशानें नावेनें उथळ खारें सरोवर ओलांडून तोर्चेल्लो बेट गाठावें. वाटेंत मुरानो लागतें; १२९१ सालीं आगीच्या भयानें कांचेच्या भट्ट्या तेथें हलविल्या. बुरानोची लेस विख्यात खरी, पण तिच्या नांवावर यंत्राचा मालही खपतो, हें गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावें.

तोर्चेल्लोचें मुख्य देवालय इ. स. ६३९ मध्यें स्थापन झालें. व्यापारानें गजबजलेल्या या बेटावर आज मोजकींच माणसें राहतात. भोंवतालचें पाणी गाळानें भरत गेलें, हिंवतापानें ठाण मांडलें, आणि ओसाड घरांचे दगड व्हेनिसच्या बांधकामांत गेले. तीच गत आपली होऊं नये म्हणून व्हेनिसकरांनीं ब्रेंता, पियावे या नद्यांचीं मुखेंच सरोवराबाहेर वळविलीं.

गाळ टळला, समुद्र राहिला. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलें. आतां सरोवराच्या तिन्ही तोंडांशीं पोलादी दारें तळाशीं निजलेलीं असतात. आंत हवा भरली कीं तीं वर उठतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं त्यांनीं पहिली मोठी भरती अडविली. मात्र तीं वारंवार मिटल्यास सरोवराचें पाणी खेळतें राहत नाहीं, आणि बंदराकडे येणारीं जहाजेंही खोळंबतात.