मुंगी घर कसे ओळखते?

मुंग्यांची रांग आपण रोज पाहतो. रांगेवर मधेच बोट फिरवले की मुंग्या गोंधळतात. कारण त्या वासाच्या मागावर चालतात. मग मुंगीला डोळे नाहीत का? आहेत तर! काही मुंग्या डोळ्यांच्याच भरवशावर दार गाठतात.

आफ्रिकेच्या उत्तरेला ट्युनिशिया देश आहे. तिथल्या उजाड मुलखात लांब पायांची एक मुंगी राहते. भर दुपारी, जमीन तव्यासारखी तापलेली असताना, ती एकटी बाहेर पडते. उन्हाने मेलेला किडा सापडला की तोंडात धरून परत फिरते. अशा जमिनीवर वासाचा माग टिकत नाही. सूर्यावरून दिशा धरून ती घराच्या आसपास पोचते. पण घर म्हणजे काय, जमिनीतले एक बारीक भोक! ते वेळेवर सापडले नाही, तर मुंगी भाजून मरायचीच.

झुरिचचे शास्त्रज्ञ व्हेनर आणि त्यांच्या जोडीला रेबर, यांनी याचा छडा लावला. ते काम 1979 साली छापून आले. त्यांनी भोकाच्या दोन बाजूंना दोन काळी नळकांडी उभी केली. मुंग्यांना ती सवयीची झाली. मग मुंगी उचलून दुसरीकडे सोडली. तिथेही तशीच नळकांडी होती, भोक मात्र नव्हते. मुंगी बरोबर मधोमध भोक शोधू लागली. पुढे नळकांड्यांमधले अंतर दुप्पट केले. आता मुंगी मधोमध शोधीना. एकेका नळकांड्यापाशी घुटमळू लागली. मग नळकांडीही दुप्पट मोठी केली. तर मुंगी पुन्हा मधोमध!

असे का? लांबचा बैल जवळच्या वासराएवढा दिसतो ना? तसेच हे. नळकांडी दुप्पट लांब गेली, पण दुप्पट मोठीही झाली. म्हणून डोळ्याला पहिल्याएवढीच दिसली. म्हणजे नळकांडी किती लांब आहेत, हे मुंगी बघत नव्हती. दारातून जसे दिसते, तसे चित्र तिच्या ध्यानात होते. समोरचे दृश्य त्याच्याशी जुळेपर्यंत ती फिरत होती.

हे चित्र काही फार स्वच्छ नसते. तिचा एकेक डोळा सुमारे 1,000 बारीक डोळ्यांचा बनलेला असतो. तेवढ्या ठिपक्यांत झुडपाचा काळा आकार कळतो, पाने कळत नाहीत. आजोबांना चष्म्यावाचून दिसते तसे समजा. पण तिचे काम भागते.

ती हे शिकते केव्हा? नवी मुंगी बाहेर आली की लगेच खाणे शोधायला जात नाही. आधी भोकाभोवती लहान लहान फेऱ्या मारते. मधेच थांबते, गिरकी घेते, वळून घराकडे पाहते आणि आत जाते. पुढच्या फेऱ्यांत थोडी थोडी लांब जाते.