विश्लेषण : स्वखर्चाने पुस्तक काढले, आता परीक्षण कोण लिहिणार?

प्रकाशन समारंभ होतो. शाल-श्रीफळ होते, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. मग पुस्तकांचे गठ्ठे घरी पलंगाखाली जातात आणि सगळे शांत होते. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या अनेक लेखकांचा हा अनुभव आहे. पुस्तक कुणी वाचले का, वाचले तर काय वाटले, हे कळायला मार्ग नसतो. नेमक्या याच काळात ‘इतक्या रुपयांत इतके अभिप्राय’ असे प्रस्तावही फोनवर येऊ लागतात. परीक्षण मिळवण्याचे सरळ मार्ग कोणते, त्याला खर्च किती आणि कोणत्या वाटेला जाऊ नये, याचा हा आढावा.

परीक्षणाची गरज काय?

अनोळखी लेखकाचे पुस्तक विकत घेताना वाचकाला कुणाचा तरी भरवसा हवा असतो. नामवंत प्रकाशनसंस्थेचे नाव तो भरवसा काही प्रमाणात देते. पुस्तक कुणीतरी निवडले, संपादित केले, असा त्याचा अर्थ होतो. स्वप्रकाशित पुस्तकाला ही सोय नाही. तिथे वाचकाने लिहिलेले चार शब्दच साक्षीदार असतात. ग्रंथालयाची खरेदी, पुरस्कारासाठीची निवड, पुस्तक प्रदर्शनातली मागणी या सगळ्यांत कुठेतरी छापून आलेले परीक्षण उपयोगी पडते. शिवाय पुढचे पुस्तक लिहिताना आपले कुठे चुकले, हे घरच्यांच्या कौतुकातून कळत नाही.

स्वप्रकाशित पुस्तके मागे का पडतात?

मराठीत ग्रंथपरीक्षणाची परंपरा जुनी आहे. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाने ती रुजवली. आजही दैनिकांच्या रविवार पुरवण्या, ‘ललित’सारखी पुस्तकांना वाहिलेली मासिके, ‘साधना’सारखी साप्ताहिके आणि दिवाळी अंक परीक्षणे छापतात. मात्र जागा थोडी आणि पुस्तके फार. म्हणूनच ‘साभार पोच’ ही पद्धत पडली. पुस्तक मिळाले एवढीच नोंद होते. लेखक, पाने आणि किंमत एका ओळीत येतात.

प्रस्थापित प्रकाशक वर्षभर संपादकांच्या संपर्कात असतात. एकट्या लेखकाकडे ती यंत्रणा नसते. पण अनेकदा अडचण ओळखीपेक्षा तयारीची असते. अशुद्धलेखन, ढिसाळ बांधणी, मुखपृष्ठावर अस्पष्ट छायाचित्र किंवा शुभेच्छा संदेशांनी भरलेली पहिली वीस पाने दिसली, की परीक्षक पुस्तक बाजूला ठेवतो. तटस्थ मुद्रितशोधकावर केलेला खर्च हा परीक्षण मिळवण्यासाठीचा पहिला खर्च समजावा.

पाठवण्यापूर्वी काय हवे?

पहिली गोष्ट म्हणजे आयएसबीएन, अर्थात पुस्तकाचा १३ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक. भारतात तो शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते आणि त्यासाठी शुल्क नाही. लेखकाला स्वतःच्या नावानेही ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यामुळे ‘आयएसबीएन मिळवून देतो’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर ते कशाचे आहेत, हे विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनानंतर ३० दिवसांत पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायच्या असतात. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय ही ती ठिकाणे. लेखक स्वतःच प्रकाशक असेल, तर ही जबाबदारी त्याची. परीक्षण येवो न येवो, पुस्तकाची नोंद यामुळे कायमची राहते.

प्रती कुणाकडे पाठवाव्यात?

सरसकट शंभर ठिकाणी पाठवण्यापेक्षा वीस ठिकाणे नेमकी निवडावीत. कापसाच्या शेतीवरचे पुस्तक असेल, तर कृषिविषयक नियतकालिक आणि विदर्भ-खान्देशातील आवृत्त्यांकडे आधी पाहावे. बालकथा असतील, तर मुलांचे अंक काढणारे संपादक आणि वाचनालये चालवणारे शिक्षक उपयोगी पडतात. त्या पुरवणीचे मागचे पाच-सहा अंक चाळले, तर तिथे कोणत्या प्रकारच्या पुस्तकांवर लिहिले जाते आणि कोण लिहिते, हे लगेच कळते. जिथे फक्त वैचारिक पुस्तकांची परीक्षणे येतात, तिथे गझलसंग्रह पाठवून उपयोग नाही.

अनेक नियतकालिके अभिप्रायार्थ दोन प्रती मागतात. एक परीक्षकाकडे जाते, दुसरी कार्यालयात राहते. पुस्तक निघाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच प्रती रवाना कराव्यात. वर्षभर जुन्या पुस्तकाला ‘नवे पुस्तक’ म्हणून जागा देणे संपादकाला अवघड जाते.

छापील माध्यमांशिवाय इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर मराठी पुस्तकांविषयी बोलणारे वाचक आता बरेच आहेत. गावातले ग्रंथपाल, वाचनकट्टे, महाविद्यालयातले मराठीचे प्राध्यापक यांनाही विसरू नये. जिल्हा आवृत्तीत आलेला दोनशे शब्दांचा पुस्तक परिचय हीसुद्धा चांगली सुरुवात ठरते.

सोबतच्या पत्रात काय लिहावे?

पत्र एका पानाच्या आत हवे. पुस्तकाचा विषय दोन-तीन वाक्यांत, ते कुणासाठी आहे, लेखकाचा त्या विषयाशी संबंध काय, आणि शेवटी पाने, किंमत, आयएसबीएन, मिळण्याचे ठिकाण व फोन क्रमांक. ‘मराठीतील पहिलीच अशी कादंबरी’ असले दावे टाळावेत. परीक्षकाने त्या प्रकारची दहा पुस्तके वाचलेली असतात. पत्र संपादकांच्या नावे असावे. महिन्याने एकदा नम्रपणे चौकशी करायला हरकत नाही. रोज फोन केला, तर मात्र दार बंद होते. आणि स्वतःच परीक्षण लिहून ‘हे छापा’ म्हणून कधीही पाठवू नये.

खर्च किती येतो?

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक स्वरूपाच्या छापील पुस्तकांसाठी ती आहे. सुरुवातीला जाहीर झालेला दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर असा होता. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव असणे आवश्यक असते. नियम आणि सध्याचा दर टपाल कार्यालयात विचारून घ्यावा.

समजा, एका प्रतीचा छपाई खर्च १२० रुपये आहे आणि वीस ठिकाणी दोन-दोन प्रती पाठवल्या, तर पुस्तकांचे ४,८०० रुपये होतात. त्यात टपाल व वेष्टन मिळवावे. ही रक्कम छपाईच्या अंदाजपत्रकातच धरावी. वीसपैकी तीन ठिकाणी काही छापून आले, तरी मोहीम वाया गेली असे मानू नये.

ॲमेझॉनवर नातेवाइकांकडून अभिप्राय घेतले तर?

तिथेच अनेक जण फसतात. ॲमेझॉनच्या नियमांनुसार कुटुंबीय आणि निकटच्या मित्रांनी अभिप्राय लिहिणे चालत नाही. पैसे, भेट किंवा ‘तू माझ्यावर लिही, मी तुझ्यावर लिहितो’ असा सौदाही चालत नाही. असे अभिप्राय काढून टाकले जातात आणि खात्यावर कारवाई होऊ शकते. पुस्तकाची मोफत प्रत वाचकाला देता येते. मात्र त्या बदल्यात अभिप्राय लिहिण्याची अट घालता येत नाही, की तो चांगलाच असावा असे सुचवता येत नाही.

सरळ उपाय सोपा आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘पुस्तक कसे वाटले ते मोकळेपणाने लिहा’ अशी विनंती आणि सोबत क्यूआर कोड छापावा. ज्या अनोळखी वाचकाने फोन करून दाद दिली, त्यालाच ‘हेच दोन ओळींत तिथे लिहाल का?’ असे विचारावे. बहुतेक वाचकांना आपल्या दोन ओळींचे लेखकाला किती मोल आहे, याची कल्पनाच नसते.

विकत घेतलेल्या अभिप्रायांत धोका कोणता?

मोह नवा नाही. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांनी १८५५ साली स्वतःचा संग्रह स्वतः काढला आणि निनावी परीक्षणेही स्वतःच लिहिली. आज हे उघडकीला यायला वेळ लागत नाही. एकाच आठवड्यात, एकाच धाटणीची, पुस्तकातला एकही प्रसंग न सांगणारी वीस पंचतारांकित मते दिसली, की वाचक समजायचे ते समजतो.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले अभिप्राय त्याला मान्य नाहीत. समाजमाध्यमांवर मोबदला किंवा भेट घेऊन शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

परीक्षण प्रतिकूल आले तर?

वाद घालू नये. तथ्याची चूक असेल, तर संपादकांना चार ओळींचे पत्र पाठवावे. मत पटले नाही, तर गप्प राहणे उत्तम. कठोर परीक्षणातही पुस्तक कशाबद्दल आहे, हे लिहिलेले असते आणि त्यावरून काही वाचक पुस्तकापर्यंत येतात.

या सगळ्यात संख्येचा हट्ट नको, हे समजण्यासाठी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवाव्यात. त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. प्रती अवघ्या पाचशे. टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि पहिलेही विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले आणि आज ते अभ्यासले जाते. पाचशे प्रतींच्या त्या पुस्तकाच्या पाठीशी उभे राहणारे म्हणून आज प्रामुख्याने एकाच समकालीन वाचकाचे नाव घेतले जाते. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याने शोधायचा असतो, तो असा मन लावून वाचणारा एक वाचक. त्यासाठी पलंगाखालचे गठ्ठे आधी सुटायला हवेत.