परकीय भाषांचे विद्यापीठीय शिक्षण : उद्दिष्ट आणि मूल्यमापन

विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात एकाच बाकावर निरनिराळ्या हेतूंनी आलेले विद्यार्थी बसतात. कोणाला चाकणच्या एखाद्या जपानी वा जर्मन कारखान्यात दुभाषाचे काम हवे असते, कोणाला उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जावयाचे असते, तर कोणाला फ्रेंच साहित्य इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून मराठीत आणावयाचे असते. पुणे येथील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी आदी भाषा शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांत या तिन्ही वाटांचे प्रवासी आढळतात. अशा विभागाने आपले उद्दिष्ट ‘भाषेचे ज्ञान देणे’ एवढ्या मोघम शब्दांत सांगितले, तर ते साध्य झाले की नाही, हे कोणत्याही परीक्षेने ठरवता येणार नाही.

या अडचणीवर युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक भाषिक आराखड्याने एक मार्ग दाखविला. त्यात प्रावीण्याच्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पायऱ्या आहेत. विद्यार्थ्याने किती धडे संपविले याला तेथे महत्त्व नाही. त्याला त्या भाषेत काय करता येते, एवढेच विचारले जाते. पहिल्या पायरीवर त्याने स्वतःची ओळख करून द्यावी, समोरचा सावकाश बोलल्यास साधे प्रश्नोत्तर करावे. चौथ्या पायरीवर त्या भाषिकाशी फारसे न अडखळता संवाद साधावा. प्रमाणपत्र वा पदविका अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट असे क्रियेच्या रूपात लिहिले की अध्यापकालाही वर्गात काय करावयाचे ते स्पष्ट होते.

तथापि, परीक्षा बदलली नाही तर कागदावरील उद्दिष्ट निरुपयोगी ठरते. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चार कौशल्यांपैकी लेखन कागदावर तपासणे सोपे. म्हणून व्याकरण आणि भाषांतर यांच्या लेखी उत्तरांवरच सारा भर पडत जातो. रूपे बिनचूक चालविणारा पदविकाधारक परदेशी पाहुण्यापुढे मात्र मुका होतो. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत चारही कौशल्यांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण होण्यास एकूण 50 गुण लागतात आणि कोणत्याही एका भागात 5 पेक्षा कमी गुण मिळाल्यास विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. हा लहानसा नियम फार मोलाचा आहे. एका अंगाची उणीव दुसऱ्या अंगाच्या गुणांनी पूर्णपणे झाकता येत नाही.

उलट, जपानी भाषेच्या प्रचलित प्रावीण्य परीक्षेत, 2010 पासून जिचे एन-5 ते एन-1 असे पाच स्तर आहेत, बोलण्याची चाचणी नाही. नोकरी देणारे याच परीक्षेचा स्तर विचारतात, हे खरे. परंतु विभागाने तेवढ्यावर विसंबल्यास संभाषण कोणीच तपासणार नाही.

तोंडी परीक्षा मागे का पडते, याचे कारण हिशेबात आहे. साठ विद्यार्थी, प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि दोन परीक्षक धरले, तर परीक्षकांचे तीस तास खर्ची पडतात; लेखी परीक्षा तीन तासांत आटोपते. ही तरतूद वेळापत्रकात व अंदाजपत्रकात आधीच केली नाही, तर संभाषणाचे उद्दिष्ट केवळ माहितीपत्रकात राहते. दोन परीक्षकांनी एकाच उत्तराला निराळे गुण देऊ नयेत म्हणून ध्वनिमुद्रित नमुने ऐकून आधी एकवाक्यता साधणेही आवश्यक ठरते.

उद्दिष्टे ठरविताना परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलण्याचे मात्र कारण नाही. मराठी विद्यार्थ्याला जर्मनमधील तीन लिंगांची कल्पना नवी नसते. कोणत्या नामाचे लिंग कोणते, एवढेच त्याला घोकावे लागते. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामापुढे प्रत्ययासारखी अव्यये लागतात, हेही त्याच्या अंगवळणी पडलेले असते. तेथे वाचलेला वेळ कांजी लिपीला देता येतो. शिवाय मूळ भाषेतून थेट मराठीत अनुवाद करणे हे विद्यापीठाचे स्वतःचे उद्दिष्ट होय. त्या सहा पायऱ्यांवर चढून ते आपोआप हाती येत नाही. त्यासाठी शब्दकोश जवळ ठेवून पुरेशा अवधीत करावयाचे काम आणि त्याचा मराठीच्या अंगानेही तपास, अशी वेगळी कसोटी लागते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर परकीय भाषांचा पर्याय सुचविलेला आहे. त्या शिकविणारे शिक्षक याच विभागांतून यावयाचे आहेत. शाळेने अशा उमेदवाराची निवड करताना गुणपत्रकाबरोबरच त्याच्याकडून त्या भाषेत दहा मिनिटांचा पाठ घेवविणे इष्ट होईल.