मैदानाबाहेरचा फुटबॉल : आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील नोकऱ्या आणि स्वयंसेवा

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये काम मिळवू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यायला हवे की या खेळाचा कारभार एका दरवाजाआड चालत नाही. १९०४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आणि आज झ्युरिकला मुख्यालय असलेल्या ‘फिफा’ या जागतिक संघटनेचे २११ सदस्य आहेत; परंतु विश्वचषकासारखे मोजके सोहळे सोडले, तर वर्षभराचा खेळ चालवतात ते खंडांचे महासंघ, देशोदेशींच्या संघटना, त्यांच्या हाताखालच्या राज्य आणि जिल्हा संघटना आणि क्लब. स्वित्झर्लंडमधील कार्यालयांत जागा थोड्या असतात, इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच किंवा स्पॅनिशसारखी आणखी एखादी भाषा येत असल्यास उमेदवाराचे पारडे जड होते आणि युरोपबाहेरच्या माणसाला तिथला कामाचा परवाना मिळणे कठीण जाते. म्हणून ज्याला खरोखर या क्षेत्रात शिरायचे आहे, त्याचा रस्ता बहुधा आपल्याच राज्य संघटनेच्या, म्हणजे महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनच्या, स्पर्धांतून जातो. ही गोष्ट ऐकायला फारशी आकर्षक नाही, म्हणूनच ती सहसा सांगितली जात नाही.

सामान्य माणसाला सर्वांत आधी दिसते ती स्वयंसेवकाची वाट. रशियातील २०१८च्या विश्वचषकासाठी पावणेदोन लाखांवर अर्ज आले आणि १७ हजारांच्या आसपास स्वयंसेवक निवडले गेले. कतारमध्ये २०२२ साली २० हजार जागांसाठी चार लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील २०२६च्या स्पर्धेत संघ ४८, सामने १०४ आणि यजमान शहरे १६ असल्यामुळे ‘फिफा’ने सुमारे ६५ हजार स्वयंसेवकांची योजना जाहीर केली. निवडीची पद्धत सर्वत्र जवळपास सारखी असते : स्पर्धेच्या कितीतरी महिने आधी ऑनलाइन अर्ज, मग मुलाखत, पार्श्वभूमीची पडताळणी, प्रशिक्षण आणि शेवटी छायाचित्रासह प्रवेशपत्र, ज्यावर त्या व्यक्तीला स्टेडियमच्या कोणत्या भागात जाता येईल आणि कोणत्या भागात नाही हे नोंदवलेले असते. मैदानालगत उभे राहायला मिळेल या आशेने अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला वाहनतळ, विमानतळावरील स्वागतकक्ष, व्हीलचेअरवरील प्रेक्षकांना आसनापर्यंत नेणे, पत्रकारांच्या दालनातली धावपळ किंवा दुभाष्याचे काम येते आणि सामन्याचा एक चेंडूही न पाहता पाळी संपते.

यांपैकी एक काम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी खेळाडू निवडला गेला की अंतिम शिट्टीनंतर त्याच्या सोबतीला एक माणूस दिला जातो आणि नमुना देण्याच्या खोलीत नोंद होईपर्यंत त्या खेळाडूला क्षणभरही नजरेआड होऊ न देणे, एवढेच त्याचे काम असते. खेळाडू हरलेला असेल तर तो वैतागलेला असतो, जिंकलेला असेल तर त्याला सहकाऱ्यांच्या जल्लोषात सामील व्हायचे असते आणि नव्वद मिनिटे घाम गाळल्यामुळे पुरेशी लघवी होण्यास कधी कधी तास-दीड तास लागतो. अशा वेळी न चिडता, स्वाक्षरी न मागता आणि मोबाइलकडे न पाहता त्याच्या बाजूला उभे राहणारा माणूस संयोजकांच्या लक्षात राहतो.

स्वयंसेवा म्हणजे बिनखर्चाचे काम, हा समज मात्र सोडून द्यावा लागतो. गणवेश, पाळीच्या वेळचे जेवण आणि प्रमाणपत्र मिळते; पण २०२६च्या स्पर्धेसाठी प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च स्वयंसेवकाने स्वतः करावा आणि यजमान देशात असे काम करण्याचा कायदेशीर अधिकारही त्याच्याकडे आधीपासून असावा, अशा अटी होत्या. याचा सरळ अर्थ असा की अशा स्पर्धांचे दार पुण्यात किंवा कोल्हापुरात राहणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा टोरंटोत किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलामुलींना अधिक सहज उघडते. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत ‘फिफा’ने साडेसात अब्ज डॉलरची कमाई केली, हे लक्षात घेतले तर एवढ्या प्रचंड यंत्रणेने हजारो माणसांचे श्रम फुकट का घ्यावेत, हा प्रश्न रास्त ठरतो. दोहा येथे मेट्रोची दिशा दाखवण्यासाठी उंच खुर्चीवर बसून, हातात फोमचा भलामोठा पंजा घेऊन गाण्याच्या चालीत पुकारा करणारा केनियन तरुण जगभर लोकप्रिय झाला, आणि तो स्वयंसेवक असावा असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात तो गर्दीच्या व्यवस्थापनासाठी नेमलेला पगारी कर्मचारी होता. वाहतूक, सुरक्षा, खानपान आणि सफाई ही कामे ठेकेदारांमार्फत पगारावर होतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी काम स्वयंसेवेचे आहे की पगारी हे तपासणे गरजेचे असते.

परदेशी न जाता असा अनुभव मिळाल्याची उदाहरणे मराठी मुलखात अलीकडचीच आहेत. २०१७चा १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतातील सहा शहरांत झाला, त्यांत नवी मुंबई आणि मडगाव ही दोन होती. २०२२च्या आरंभी महिलांचा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात खेळला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. अशा स्पर्धांसाठी स्थानिक संयोजन समिती, म्हणजे केवळ त्या स्पर्धेपुरती उभारलेली आणि नंतर विसर्जित होणारी कचेरी, माणसे नेमते आणि येथे केलेले सहा-आठ महिन्यांचे काम पुढच्या अर्जात पदवीइतकेच वजनदार ठरते.

पगारी कामांचा विचार केला तर ‘फुटबॉलची आवड’ ही पात्रता सर्वांकडेच असते; तिच्यापलीकडचे एखादे नेमके कसब लागते. फिजिओथेरपिस्ट, सामन्याच्या चित्रफितींचे विश्लेषक, हिरवळीची निगा राखणारे तज्ज्ञ, क्रीडाकायद्याचे वकील आणि माध्यम अधिकारी यांना मागणी असते. यांतच एक अपरिचित पद आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे जातो, तेव्हा त्याचे करारपत्र, रकमेचा तपशील आणि आधीच्या संघटनेचे प्रमाणपत्र ‘ट्रान्सफर मॅचिंग सिस्टीम’ या संगणकीय नोंदवहीत भरावे लागते. ऑक्टोबर २०१० पासून हे बंधनकारक आहे आणि दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती तंतोतंत जुळली तरच व्यवहार पुढे सरकतो. ऑगस्ट २०१५च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड दे हेया याचे रिआल माद्रिदला जाणे फिसकटले, ते मध्यरात्रीच्या मुदतीत कागदपत्रे पोहोचली नाहीत म्हणून. ही नोंदवही सांभाळणारा प्रशिक्षित कर्मचारी अशा क्लबांना ठेवावा लागतो आणि हे काम करणाऱ्याला चेंडू लाथाडता आला नाही तरी चालते.

खेळाडूंचा एजंट होण्यासाठी २०२३पासून ‘फिफा’ने पुन्हा परीक्षा सुरू केली असून तिच्यात २० बहुपर्यायी प्रश्न, ६० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण अशी रचना आहे, पदवीची अट नाही, मात्र नियमावली बारकाईने वाचलेली असावी लागते. पंचांची वाट याहून लांबची. राज्य आणि राष्ट्रीय परीक्षा, लेखी कसोटी, धावण्याची चाचणी असे टप्पे ओलांडल्यावर राष्ट्रीय संघटना ज्यांची शिफारस करते, त्यांचाच ‘फिफा’च्या वार्षिक यादीत समावेश होतो. गोव्याच्या युवेना फर्नांडिस या याच मार्गाने २०१६ साली जॉर्डनमधील १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून उतरल्या.

शिक्षणाचे मार्गही आहेत. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथील क्रीडा-अभ्यास केंद्र इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतील विद्यापीठांसह ‘फिफा मास्टर’ हा अभ्यासक्रम २०००पासून चालवते आणि त्यात दरवर्षी जगभरातून साधारण तीसच विद्यार्थी घेतले जातात. मुंबईत माजी कसोटी गोलंदाज नीलेश कुलकर्णी यांनी क्रीडाव्यवस्थापनाची संस्था सुरू केली आहे.

सामाजिक कामाची ओढ असणाऱ्यांसाठी नागपूर हे खरे तर अधिक जवळचे ठिकाण आहे. विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’मधून बेघरांच्या विश्वचषकासाठी भारताचे संघ जातात; २०१६ साली या संस्थेला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला आणि ‘झुंड’ चित्रपटामुळे तिची कथा घरोघरी पोहोचली. अशा संस्थांत प्रशिक्षकाइतकीच गरज असते ती वस्तीतल्या पालकांशी बोलू शकणाऱ्या, मुलींना मैदानावर पाठवण्यास घरच्यांना राजी करणाऱ्या आणि देणगीदारांना सुबक अहवाल लिहून देणाऱ्या माणसांची.

विश्वचषकाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीचा विषय टाळता येत नाही, विशेषतः २०३४ची स्पर्धा सौदी अरेबियाला मिळाल्यानंतर, कारण आखातात जाणाऱ्या कामगारांत भारतीयांचा वाटा मोठा आहे. अर्जासाठी किंवा ‘निश्चित निवडी’साठी पैसे मागणारा संदेश खोटाच समजावा. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला सौदी अरेबिया आणि कतार यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते आणि परदेशात कामगार पाठवणाऱ्या दलालाची १९८३च्या कायद्याखाली नोंदणी झालेली असावी लागते, जी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. नोंदणीकृत दलालालाही सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक घेता येत नाही. ही रक्कम पावती घेऊनच द्यावी आणि जादा मागणी झाल्यास ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याच्या मुंबईतील कार्यालयात तक्रार नोंदवावी.