सोन्याची मोजदाद, माणसांचा अंदाज

२०१२ साली आलेल्या 'द अ‍ॅव्हेंजर्स' या चित्रपटाच्या शेवटी सहा सुपरहिरो न्यूयॉर्क वाचवतात आणि वाचवता वाचवता मॅनहॅटनचा बराच भाग भुईसपाट होतो. आपत्तींतल्या नुकसानीचे अंदाज बांधणाऱ्या 'काइनेटिक अ‍ॅनालिसिस कॉर्पोरेशन' या अमेरिकी कंपनीने त्या लढाईचं बिल काढलं, ते १६० अब्ज डॉलर भरलं. तेव्हाच्या दराने आठ लाख कोटी रुपयांहून जास्त, म्हणजे भारत सरकारच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातल्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक. पुढच्या वर्षी 'मॅन ऑफ स्टील' आला. त्यातल्या सुपरमॅनच्या शेवटच्या लढाईत १ लाख २९ हजार माणसं मेली असती, असं एक गणित सांगतं. मग २०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर'मध्ये ११७ देश करार करून सुपरहिरोंना संयुक्त राष्ट्रांच्या अंकुशाखाली आणू पाहतात. जग वाचवणाऱ्याने मोडतोडीचा जाब द्यायचा की नाही, हा त्यातला झगडा.

द्यायचा, असं माझं ठाम मत आहे. हे मत चित्रपटांवरून झालेलं नाही. मुंबईतल्या कॉटन ग्रीनपासून दक्षिणेला जेमतेम साडेतीन किलोमीटरवर, व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४ रोजी जे घडलं त्यावरून झालेलं आहे. जग वाचवायला निघालेल्या एका अफाट ताकदीने त्या दुपारी मुंबई जाळली.

'फोर्ट स्टिकिन' हे ७,१४२ टनांचं मालवाहू जहाज दोस्तराष्ट्रांच्या युद्धासाठी इंग्लंडहून निघालं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्यातला २३८ टन माल अतिसंवेदनशील वर्गातला. शिवाय स्पिटफायर विमानं, आणि ३१ पेट्यांत सुमारे ८ लाख ९० हजार पौंडांचं सोनं. कराचीला त्यावर कापूस आणि वंगणाचं तेल चढलं. कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवायला कप्तानाचा विरोध होता, पण युद्धाच्या घाईपुढे त्याचं कोणी ऐकलं नाही. १२ एप्रिलला जहाज मुंबईत शिरलं. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा त्यावर नव्हता.

या कापसाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. जहाजात ८७,००० गाठी होत्या, असं आजही अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. कॉटन ग्रीनच्या गोदामांत ज्याने कधी गाठ हलवली असेल, त्याला यातली गफलत लगेच कळेल. गाठ साधारण १८० किलोची धरली तर ८७,००० गाठींचं वजन पंधरा हजार टनांच्या वर जातं, आणि या जातीचं जहाज सगळा माल मिळून दहा हजार टनांच्या आसपासच वाहू शकत असे. ८,७०० हा आकडा मात्र नीट बसतो. त्याचं वजन होतं सुमारे १,५७० टन, म्हणजे दारूगोळ्याहूनही जास्त. चौकशीत आगीचं मूळ या कापसातच असावं असं दिसलं, आणि संशय एका सिगारेटवर गेला.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. ९०० टन पाणी आत ओतलं गेलं. जहाजातलं पाणी उकळू लागलं, तरी आग विझेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. आवाज ऐंशी किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. सुमारे १,४०० किलोमीटरवर शिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा टिपला. पेटलेल्या गाठी आकाशातून वस्त्यांवर कोसळल्या आणि दोन चौरस किलोमीटरचा पट्टा पेटला. दादरच्या शिवाजी पार्कसारखी सतरा-अठरा मैदानं एकाच वेळी जळताहेत, एवढा तो विस्तार.

शेजारच्या 'जलपद्म' या चार हजार टनी जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडला. चित्रपटात सुपरहिरोची ताकद दाखवायला नेमकं असंच दृश्य घेतात. तर त्याचं गणित करून पाहू. चार हजार टन वजन आख्खंच्या आख्खं पंधरा मीटर वर उचलायला ऊर्जा लागते सुमारे १६३ युनिट, म्हणजे एका लहान बिऱ्हाडाच्या महिनाभराच्या विजेएवढी. आणि १,४०० टन दारूगोळा टीएनटीइतका जोरदार धरला, तर त्यात साठलेली ऊर्जा होते जवळपास १६ लाख युनिट. जहाज उचलण्याचा तो डोळे दिपवणारा पराक्रम एकूण ताकदीच्या दहा हजारांतला एक भाग! उरलेले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव भाग काचांत, भिंतींत, कानांच्या पडद्यांत आणि झोपड्यांच्या छपरांत शिरले. कॅमेरा नेहमी तो एक भाग दाखवतो. जाब उरलेल्या भागांबद्दल विचारायचा असतो.

युद्ध हिटलर आणि जपानविरुद्ध होतं, आणि ते जिंकणं गरजेचं होतं, हे मला मान्य आहे. पण १९३९ मध्ये हिंदुस्थानाला त्यात ओढताना इथल्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. त्याच दुपारी गोदीत दुसऱ्या प्रकारचे वीरही होते. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान तिथे मेले, आणि १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जवानांनी धोका स्वतःच्या अंगावर घेतला. जहाज गोदीत आणण्याची परवानगी देणाऱ्यांनी तो दुसऱ्यांच्या अंगावर टाकला. दोघांचाही हेतू शत्रूला हरवण्याचा किंवा जीव वाचवण्याचाच होता. म्हणून हेतू पाहून सुटका देऊ नये. धोका कोणाच्या अंगावर टाकला, हे पाहावं.

साम्राज्याने जाब दिला का? काही प्रमाणात दिला. चौकशी झाली, चुका नोंदवल्या गेल्या : कापसाची मांडणी, नसलेला लाल बावटा, माल उतरवण्यातला आणि अग्निशमन दलाला कळवण्यातला उशीर. सरकारने जबाबदारी मान्य केली, १९४४ मध्येच वटहुकूम काढला आणि दावा करणाऱ्यांना भरपाई दिली. पण मुंबईच्या वर्तमानपत्रांना ही बातमी सविस्तर छापायची मुभा मे महिन्यात मिळाली. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती १५ एप्रिललाच सांगितली होती.

पन्नास हजार टनांवर धान्य जळालं. माणशी रोज अर्धा किलो धरला, तर दहा कोटी लोकांचा एका दिवसाचा शिधा. आणि तोही बंगालच्या दुष्काळाच्या पुढच्याच वर्षी. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले, पन्नास हजारांचा रोजगार गेला. पाच लाख टन ढिगारा ८,००० माणसांनी सात महिन्यांत उपसला. भागाकार केला तर एकेका माणसाच्या वाट्याला रोजचे तीनशे किलो.

आणि मृत? इथे हिशेब लटपटतो. कोणी ७४० म्हणतं, कोणी ८००, कोणी १,३००. खालच्या आणि वरच्या आकड्यात ५६० माणसांचं अंतर आहे. बुडालेली आणि मोडलेली जहाजं २७, ती एकेक करून मोजली गेली. सोन्याच्या विटा पुढे कित्येक दशकं गोदीचा गाळ काढताना सापडत राहिल्या, एक तर २०११ साली सापडली. विटांची यादी होती, म्हणून त्यांचा शोध घेता आला. गोदीतला मजूर टोळीवाल्यामार्फत रोजच्या रोज घेतला जाई. त्या दिवशी कोण कामावर आलं होतं हे टोळीवाल्यालाच ठाऊक, आणि तोही मेला असेल तर कोणालाच नाही. ज्याच्या मरणाची नोंद नाही त्याच्या घरच्यांनी दावा कोणत्या कागदावर करायचा?

'सिव्हिल वॉर'मधल्या करारात सगळा भर सुपरहिरोंच्या हालचालींवर नजर ठेवण्यावर आहे. मला त्याआधी दुसरं कलम हवं आहे : ज्यांच्या डोक्यावरून ही ताकद जाणार, त्यांची नावनिशी कुठेतरी लिहिलेली असली पाहिजे.

गोदीत ते कलम आलं, पण उशिरा. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला, १९५१ मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड स्थापन झालं, आणि रोज टोळीवाल्यासमोर उभं राहणाऱ्या माणसांची नावं पहिल्यांदा सरकारी नोंदवहीत चढली.