मट्टांचेरी

मट्टांचेरी हा केरळ राज्यातील कोची शहराच्या पश्चिम भागातील जुना व्यापारी विभाग असून तो खाडीच्या काठी वसलेला आहे. त्याला लागूनच फोर्ट कोची हा युरोपीय वसाहतीचा भाग आहे. राजवाडा, ज्यूंचे प्रार्थनास्थळ, कोंकणी समाजाचे देवस्थान, जैन मंदिर, कच्छी मुसलमानांच्या मशिदी आणि सिरियन ख्रिश्चनांचे शपथस्थळ ही सारी येथे एकमेकांपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहेत. गल्ल्या अरुंद असल्यामुळे हा भाग चालत पाहणेच सोयीचे ठरते. बहुसंख्य प्रवासी राजवाडा आणि ज्यू टाउन एवढेच पाहून परततात. मट्टांचेरीचे खरे समाजजीवन मात्र त्या मार्गाच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या वस्त्यांत आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि कोचीची खाडी मोकळी झाली, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर मिऱ्याचा व्यापार कोचीकडे वळला. इ.स. १५०० मध्ये पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना हुसकावले आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांची जागा घेतली. या सर्व काळात कोचीचे राजघराणे टिकून राहिले. परागंदा होऊन आलेल्या समाजांना त्याने आश्रय दिला. त्यामागे औदार्य होते तसा व्यवहारही होता, कारण राज्याचे उत्पन्न बंदरातील व्यापाराशी बांधलेले होते.

राजवाडा आणि ज्यू टाउन

पायी फेरीचा आरंभ सहसा मट्टांचेरी राजवाड्यापासून होतो. ‘डच राजवाडा’ हे त्याचे प्रचलित नाव फसवे आहे. ही वास्तू पोर्तुगीजांनी इ.स. १५५५ च्या सुमारास बांधून राजा वीर केरळ वर्मा यास भेट दिली. डचांनी पुढे केवळ तिची दुरुस्ती केली. बांधणी केरळी चौसोपी पद्धतीची असून मधल्या चौकात पळयन्नूर भगवतीचे देऊळ आहे. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील प्रसंगांची चित्रे आहेत. गेरूच्या लाल-पिवळ्या छटांत रंगविलेली ही चित्रे निवांतपणे पाहावयाची तर एक तास तरी हाताशी हवा.

राजवाड्याच्या पाठीशीच इ.स. १५६८ मध्ये बांधलेले परदेशी सिनेगॉग आहे. राजवाड्याच्या आवारातील देऊळ व हे प्रार्थनास्थळ अक्षरशः शेजारी आहेत. जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. बाहेरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर मल्याळम, रोमन आणि हिब्रू अंक आढळतात. १९६८ मध्ये सिनेगॉगच्या चतुःशताब्दीस तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या.

या वास्तूचे कौतुक होताना तिच्या आतील भेदांचा उल्लेख क्वचितच होतो. स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ‘परदेशी’ ज्यूंनी आधीपासून येथे राहणाऱ्या मलबारी ज्यूंना आपल्यात सामावून घेतले नाही. त्यांच्याच घरांतील मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांनाही सिनेगॉगमध्ये समान अधिकार नव्हते. त्यांना मुख्य दालनात इतरांबरोबर बसता येत नसे. या वंशजांपैकीच एक, वकील ए. बी. सालेम (१८८२–१९६७) यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने हा भेद मोडण्यासाठी लढा दिला. त्यामुळे त्यांना ‘ज्यू गांधी’ असे म्हटले जाते. इस्रायलच्या स्थापनेनंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे निघून गेली. मलबारी ज्यूंचे कडवुंभागम सिनेगॉग याच परिसरात आहे. त्याचे कोरीव लाकडी अंतर्भाग जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात जतन झाले. मूळ इमारत मात्र येथे दुर्लक्षित राहिली आणि २०१९ च्या पावसाळ्यात तिचा दर्शनी भाग कोसळला. परदेशी सिनेगॉग पाहून आलेल्याने चार पावले पुढे जाऊन ही वास्तूही पाहावी. तिच्यावाचून ज्यू टाउनचे चित्र अर्धेच राहते. गल्लीतील दुकाने आज बहुतांशी काश्मिरी व इतर व्यापाऱ्यांची असून तेथे जुन्या वस्तू, गालिचे आणि मसाले विकले जातात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक दुवा नोंदविण्याजोगा आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजाला, म्हणजेच ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांना, हिब्रू प्रार्थना व धर्मविधी शिकविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कोचीहून शिक्षक आले होते.

चेर्लाई आणि कोंकणी समाज

राजवाड्यापासून थोड्या अंतरावर चेर्लाई भागात कोची तिरुमल देवस्वम हे वेंकटेशाचे देवस्थान आहे. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून आलेले गौड सारस्वत या परिसरात स्थिरावले. त्यांच्याबरोबर कुडुंबी व इतर कोंकणीभाषक समाजही आले. या वस्तीत मल्याळमबरोबर कोंकणी कानी पडते आणि मराठी भाषकाला तिच्यातील कितीतरी शब्द ओळखीचे वाटतात.

हा आश्रयही सदैव निर्वेध नव्हता. १७९१ मध्ये राजा शक्तन तंपुरान याच्याशी झालेल्या संघर्षात समाजातील प्रमुख व्यापारी मारले गेले आणि देवाची मूर्ती आलप्पुळ येथे नेण्यात आली. ती परत येण्यास १८५३ साल उजाडले.

येथील कोंकणी विद्वानांचे एक कार्य जगभर पोहोचले आहे. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारातील वनस्पतींची माहिती संकलित करून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅम येथे प्रकाशित झाला. त्यास इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोंकणी ब्राह्मणांनी साहाय्य केले. त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र कोंकणीत व नागरी लिपीत असून ते पहिल्या खंडात छापले आहे. नागरी अक्षरांच्या मुद्रित नमुन्यांत त्याची गणना फार जुन्यांत होते. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादातही या वस्तीचा आवाज उमटला. येथील पुरुषोत्तम मल्ल्या यांनी कोंकणी भाषा प्रचार सभेच्या माध्यमातून दीर्घकाळ प्रयत्न केले. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये तिचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला.

बाजार रस्ता

खाडीला समांतर जाणाऱ्या बाजार रस्त्यावर मिरी, सुंठ, वेलदोडे आणि तांदूळ यांच्या वखारी आहेत. अनेक वखारींचे मागील दार थेट पाण्यावर उघडते, कारण माल होड्यांतून येई. एकेकाळी येथे मिऱ्याच्या वायद्यांचे सौदे आरोळ्या ठोकून होत. संगणक आल्यावर तो कोलाहल थांबला. रॉबर्ट ब्रिस्टो याच्या देखरेखीखाली खाडीतील गाळ उपसून विलिंग्डन बेट तयार झाले, बंदराचे काम तिकडे गेले आणि या रस्त्याची वर्दळ ओसरत गेली.

येथील गोदी कामगारांचा इतिहास फलकांवर दिसत नाही. मुकादम जमावात धातूचे बिल्ले फेकी आणि ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवसाचे काम मिळे. या ‘चाप्पा’ पद्धतीविरुद्धच्या आंदोलनावर १५ सप्टेंबर १९५३ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कामगार मृत्युमुखी पडले.

याच परिसरातील कूनन कुरिश चर्च हे ३ जानेवारी १६५३ च्या शपथेचे स्थळ आहे. पोर्तुगीज जेझुइटांची सत्ता मानणार नाही, अशी शपथ सेंट थॉमस ख्रिश्चनांनी येथे घेतली. क्रुसाला बांधलेले दोर हजारोंनी हाती धरल्यामुळे तो वाकला, अशी परंपरा आहे. नावातील ‘कूनन’ म्हणजे वाकलेला. गुजराती रस्त्यावरील धर्मनाथ जैन मंदिरात दुपारी कबुतरांना दाणे घालतात.

फोर्ट कोची

येथून फोर्ट कोचीकडे चालत जाता येते. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ मध्ये मरण पावलेल्या वास्को द गामाचे दफन झाले होते. पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेले. किनाऱ्यावरील चिनी जाळी परिचित आहेत. वाटेतील वेली भागातील धोबीखाना मात्र कमी लोक पाहतात. डच सैनिकांचे कपडे धुण्यासाठी आणलेल्या तमिळ वण्णार समाजाचे लोक तेथे आजही हाताने कपडे धुतात आणि भाताच्या पेजेची खळ देतात.

भेटीविषयी

एर्नाकुलमहून बोटीने येणे सोयीचे आहे. राजवाड्यातील संग्रहालय शुक्रवारी बंद असते. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी व ज्यू सणांच्या दिवशी बंद असते. तेथे पादत्राणे बाहेर काढावी लागतात. जून ते ऑगस्ट या काळात पावसाचा जोर मोठा असतो.