‘सी’ ड्राइव्ह भरला? आधी मोजा, मग काढा

लेखमाला : सेवा केंद्राचा संगणक (लेखांक ६)

प्रवेशाचे दिवस आले की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या सेवा केंद्रांवर उत्पन्नाच्या, जातीच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी रांगा लागतात. शिक्रापूर असो, न्हावरे असो, पाटस असो की यवत. नेमक्या त्याच गर्दीत ‘सी’ ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी जागा उरली, की स्कॅन सेव्ह होईनासा होतो आणि रोजगार बुडवून आलेला माणूस ताटकळतो. ही वेळ टाळता येते.

आधी मोजा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेनं गेलात की कशानं किती जागा घेतली ते दिसतं. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी आकारानुसार लावा. कोणी हौसेनं टाकलेले गेम आणि कधीच न उघडलेली फोटोची सॉफ्टवेअर्स तिथं वर येतील. ती ‘अनइन्स्टॉल’नंच काढा. प्रोग्रॅमचं फोल्डर नुसतं डिलीट केलं किंवा उचलून ‘डी’मध्ये ठेवलं, तर विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी जुनीच जागा दाखवत राहतात आणि प्रोग्रॅम बिघडतो. ‘डी’मध्ये हवा असेल तर काढून तिथं नव्यानं बसवा. मात्र अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस आणि स्कॅनरचा ड्रायव्हर यांना हात लावू नका. त्यांच्याविना काम अडेल.

आता विंडोजकडे वळू. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून अनेकांनी ११ घेतलं. अशा बदलानंतर जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते आणि कित्येक जीबी अडवते. दहा दिवसांनी ती सहसा आपोआप जाते. घाई असेल तर ‘टेम्पररी फाइल्स’मधून काढता येते, पण मग जुन्या विंडोजवर परतता येत नाही.

दुसरी मोठी फाइल हायबरनेटची. ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमला सुमारे ३ जीबी. टेबलावरच्या संगणकाला ती क्वचितच लागते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की ती फाइल जाते. त्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं, त्यामुळे संगणक सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल.

‘विनएसएक्सएस’ या फोल्डरचा आकार पाहून मात्र घाबरू नका. त्यातल्या बऱ्याच फाइली विंडोजमध्ये इतरत्रही दिसतात, पण डिस्कवर एकदाच साठलेल्या असतात. ते फोल्डर हातानं साफ केलं तर संगणक सुरूच न होण्याची भीती असते.

‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर खूण करण्याआधी थांबा. कुणाचा सातबारा, कुणाचा अर्ज तिथं असू शकतो. काम झालेल्यांच्या आधारच्या प्रती मात्र नियमानं पुसत चला. त्यानं जागा मिळते, आणि लोकांनी विश्वासानं दिलेला कागद भलत्याच्या हाती पडत नाही.

खरी बचत होते ती बसवतानाच. नवा प्रिंटर घेतलात तर पूर्ण पॅकेजऐवजी फक्त ड्रायव्हर निवडा. लिबरऑफिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कस्टम’ निवडून नको असलेल्या भाषा वगळा. जे कधी बसलंच नाही, ते साफ करायची वेळ येत नाही.

पुढच्या आठवड्यात : केंद्रातल्या फाइलींचा बॅकअप कुठे आणि कसा ठेवावा.